एक अ‍ॅप, दोन जिल्हे आणि आप्पांचा फोन

फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या फॉर्मवर आम्ही दोघांनी ऐटीत ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म मोबाइल अ‍ॅप’ असं लिहिलं, तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ एवढाच ठाऊक होता की कोड एकदाच लिहायचा आणि तो अँड्रॉइडवरही चालेल, आयफोनवरही. मी सावद्याकडचा, पार्टनर शिंदखेड्याचा. माझ्या घरी केळी, त्याच्या घरी कापूस. केळीच्या कापणीला वजन आणि क्विंटलचा भाव लिहावा लागतो. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं वजन लिहावं लागतं. दोन्हीकडे वही एकच: नाव, वजन, दर, एकूण. ती वही फोनमध्ये आणायची, एवढाच प्रोजेक्ट.

सगळ्यात सोपं काय, तर वेबपेज. एचटीएमएल येत होतं, सर्व्हर होता, आठ दिवसांत काम झालं. हॉस्टेलच्या वायफायवर झकास चालायचं. मी सुट्टीत घरी गेलो आणि मोठ्या काकांना, म्हणजे आमच्या आप्पांना, बागेत फोन दिला. उंच केळी, दाट पानं, रेंजची एक काडी. आप्पा दोन मिनिटं फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, “काय रे भो, हे तं नुस्तं गोल गोल फिरी राह्यलं!”

मग इंटरनेटशिवाय चालणारं वेबपेज केलं. ब्राउझर पानं आणि नोंदी फोनमध्येच साठवून ठेवतो, हे तंत्र चांगलं आहे आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या नोंदी ब्राउझरच्या ताब्यात असतात. आप्पांचा फोन ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी काठोकाठ भरलेला. जागा करायची म्हणून घरातल्या एका पोरानं ब्राउझरचा डेटा साफ केला आणि चार दिवसांच्या कापणीच्या नोंदी गेल्या. माझ्या भरवशावर आप्पांनी वही लिहिली नव्हती. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरचं वजन मान्य करण्यावाचून इलाज राहिला नाही. आप्पा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आम्ही टूलच्या नावाऐवजी प्रश्न लिहून काढले. रेंज नसताना चालेल का? नोंद कुठे साठते? जुन्या, भरलेल्या फोनवर मावेल का? उन्हात अक्षर दिसेल का? आणि आम्ही पास होऊन गेल्यावर हे टूल जिवंत असेल का?

शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण इतिहास बघा. कीपॅडच्या फोनांच्या काळात जावाची मोबाइल आवृत्ती, जे2एमई, हेच वचन देत होती. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचा स्क्रीन वेगळा, बटणं वेगळी, त्यामुळे एकाच गेमच्या ढीगभर आवृत्त्या कराव्या लागत. 2008 साली फोनगॅप आलं. वेबपेजला अ‍ॅपच्या डब्यात घालायचं, ही त्याची युक्ती. अ‍ॅडोबीनं 2011 मध्ये ते घेतलं आणि 2020 मध्ये गुंडाळलं. (त्याचं अपाची कॉर्डोव्हा हे भावंड मागे राहिलं.) झामरिन मायक्रोसॉफ्टनं 2016 मध्ये विकत घेतलं, त्याचा सपोर्ट 1 मे 2024 ला संपला. मोठ्या कंपनीचं नाव म्हणजे आयुष्याची हमी नव्हे.

आमच्यापुढे तीन पर्याय उरले. फेसबुकचं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (2015) जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं, ते फोनचीच बटणं आणि चौकटी वापरतं. गूगलचं फ्लटर (पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर 2018) डार्ट भाषेत, आणि ते स्क्रीनवरचं सगळं स्वतःच रंगवतं, त्यामुळे स्वस्त फोन आणि महाग फोन दोन्हींवर अ‍ॅप जवळपास सारखंच दिसतं. तिसरं, सरळ कोटलिनमध्ये फक्त अँड्रॉइडसाठी लिहायचं.

आम्ही फ्लटर घेतलं. कारण फार थोर नाही: जावा येत असल्यानं डार्ट परकी वाटली नाही. नोंदी एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये, अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत ठेवल्या, ब्राउझर साफ केला तरी त्यांना धक्का लागत नाही. शिवाय रोजची एक प्रत रेंज आली की बाहेर पाठवायची सोय केली. देवनागरी फॉन्ट अ‍ॅपमध्येच टाकला आणि अक्षर मोठं, काळ्यावर पांढरं न ठेवता पांढऱ्यावर काळं ठेवलं. काळा स्क्रीन हॉस्टेलच्या खोलीत छान दिसतो, शिंदखेड्याच्या उन्हात त्यात फक्त स्वतःचं तोंड दिसतं.

लॅपटॉप 8 जीबीचा असेल तर एमुलेटरच्या नादी लागू नका, पंखा विमानासारखा ओरडतो. केबल लावून खऱ्या फोनवरच चालवा, आणि तो फोन मित्राचा नवा नको, घरातला सगळ्यात जुना घ्या.

आता आयफोनचं काय? आम्ही ज्यांना विचारलं त्या सगळ्या शेतकऱ्यांकडे अँड्रॉइड होता, आयफोन एका व्यापाऱ्याकडे. आयफोनचं अ‍ॅप तयार करायला मॅक लागतो आणि अ‍ॅपलच्या स्टोअरला दर वर्षी 99 डॉलर. आमच्या लॅबमध्ये मॅक नाही. म्हणजे ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ हा शब्द रिपोर्टच्या कव्हरवरच राहिला. आज पुन्हा सुरुवात केली तर मी कोटलिनचा विचार आधी करीन. पार्टनरला हे मान्य नाही, यावरून आमची मेसमध्ये दोनदा भांडणं झाली आहेत.

शेतकऱ्याला अ‍ॅप समजत नाही, असं परीक्षक म्हणाले तर काय सांगायचं तेही ठरलंय. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत राज्यातले शेतकरी स्वतः बांधावरून पिकाचा फोटो काढून नोंद करतात. आप्पांनीही केली आहे.

जाता जाता एक काम. गूगल प्लेची नोंदणी फी 25 डॉलर, ती एकदाच, भरून झाली. पण नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी 12 जणांनी सलग 14 दिवस ते चाचणीला घ्यावं लागतं (आधी हा आकडा 20 होता). आमचे नऊ झालेत. अँड्रॉइडवाले तिघे पाहिजेत, फोन जितका जुना तितका चांगला. रात्री जेवणानंतर मेसच्या दाराशी आम्ही असतोच.