संगणक मंदावला? आधी घरीच पाहा

पोटाला चिमटा काढून मुलांसाठी जुना संगणक घ्यावा आणि तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागावीत! दुकानदार म्हणतो, नवा घ्या. खिशात हात घालण्याची घाई करू नका.

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील ‘स्टार्टअप’ भागात, संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. न बोलावता आलेले हे पाहुणे मेमरी अडवून बसतात. नको असेल त्यावर ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, लागेल तेव्हा उघडता येतो. अँटीव्हायरसला मात्र हात लावू नका.

आणखी एक, फारसे कुणी सांगत नाही ते. ‘शट डाऊन’ केले तरी ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास विंडोजचा काही भाग डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो. म्हणून अधूनमधून ‘रीस्टार्ट’ करावे.

एवढ्यानेही भागले नाही आणि दुकानदार ‘फॉरमॅट करू’ म्हणाला, तर आधी मुलांची प्रमाणपत्रे, फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मगच संगणक त्याच्या हाती द्या.