सुगीचे दिवस आणि घरातले तान्हे बाळ



आश्विन लागला. सोयाबीनची पाने गळाली, शेंगा वाळल्या. काढणी चार-आठ दिवस लांबली तर शेंगा रानातच तडकतात आणि हाताशी आलेला माल मातीत जातो. त्यातच रब्बी ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली. घरात आहेत तेवढे हात कमीच पडतात. अशा वेळी ज्या घरात चार-पाच महिन्यांचे बाळ आहे, तिथे एक प्रश्न हमखास निघतो : सुनेने घरी थांबायचे की रानात यायचे? या पत्रकात त्याच प्रश्नाचा विचार करू. शेतीच्या कार्यक्रमात बाळाचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण सुगीचे नियोजन करताना बैल, मळणीयंत्र, मजूर यांचा हिशेब आपण धरतो आणि तान्ह्या बाळाच्या आईचा हिशेब मात्र चुकवतो. त्या चुकीची किंमत बाळ मोजते.

"घरी बसून" म्हणजे काय?

लातूर भागात एका शेतावर मी मळणी पाहायला गेलो होतो. दाण्यातली ओल कशी पाहावी ते सांगून झाले, तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, "साहेब, सून पाच महिने झाले घरीच बसून हाय. आता तिला रानात आणावं म्हणते. बाळाला चहा-बिस्कीट चारते मी."

मी म्हटले, "आजी, आधी तिचा दिवस तर मोजू."

सून दारातच उभी होती. तिला विचारले, तर तिने बोटावर मोजून सांगितले. पहाटेपासून रात्रीपर्यंत आठ-नऊ वेळा पाजणे, रात्री दोनदा उठणे, बाळाची अंघोळ, लंगोट, घरच्या आठ माणसांच्या भाकरी, गोठ्यातले शेण, आणि मधल्या वेळात मुगाचे बी निवडणे. आजी गप्प झाल्या. मग हसून म्हणाल्या, "बसती कवा मग ही?"

सून रानात आली तर एका बाईचा रोज वाचतो, हे खरेच आहे. पण वरच्या चहा-बिस्किटाने बाळाला हगवण लागली, तर दवाखान्याचा खर्च होतो, दोन माणसे अडकतात आणि बाळाचे कमावलेले वजन उतरते ते वेगळेच.

पहिले सहा महिने : फक्त अंगावरचे दूध

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही. चहा, बिस्कीट, गुटी, मध, वरचे दूध, यांपैकी काही नको. या दिवसांत पुष्कळ आया विचारतात, "आश्विनाचं ऊन एवढं तापतं, लेकराला पाणी तरी पाजू का?" तेही नको. आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८७ भाग पाणीच असते. उकाड्यात बाळाला जास्त वेळा पाजावे, म्हणजे त्याची तहान भागते. पाणी पाजले की त्याचे इवलेसे पोट भरते, ते दूध कमी ओढते आणि ओढ कमी झाली की आईचे दूधही कमी होते. विहिरीतला उपसा थांबतो तसे इथे पाणी साठून राहत नाही. जेवढे बाळ ओढील तेवढे नवे दूध तयार होते.

पाणी प्यायचे ते आईने. पाजायला बसताना शेजारी तांब्या भरून ठेवावा. आणि बाळंतिणीने सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खायचे, ही रीत निदान सुगीत तरी मोडावी. भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, मिळेल तर अंडे, असे तिने पोटभर आणि वेळेवर खावे.

रानात जाणे भागच असेल तर

१) पाजून निघावे आणि दोन-अडीच तासांत परत यावे. रान लांब असेल तर आजीने बाळाला घेऊन रानात यावे. झोळी झाडाच्या दाट सावलीत, मळणीयंत्रापासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला बांधावी. मळणीची धूळ बाळाच्या छातीत जाते.

२) मध्ये येणे जमत नसेल तर स्वच्छ हातांनी, उकळून घेतलेल्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवावे. ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नको. या उकाड्यात ते दोन-तीन तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे.

३) फवारणी चालू असलेल्या रानात बाळालाही नेऊ नये आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनेही जाऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती माणसे दगावली, ते आपल्याला ठाऊक आहे. फवारणी करून आलेल्या गड्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे. ते कपडे वेगळे धुवावेत. लंगोटांत मिसळू नयेत.

सहा महिन्यांनंतर : आपल्या रानातले जेवण

सहावा महिना भरला की नुसते दूध पुरत नाही. अंगावर पाजणे दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे, पण जोडीला जेवण सुरू करावे. आधी दोन-तीन चमचे, मग हळूहळू दर वेळी अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा द्यावे.

पुष्कळ घरी बाळाला वरणाचे नुसते पाणी पाजतात. त्याने पोट भरते, अंग भरत नाही. चमचा तिरका केला तर ओघळून जाणार नाही इतके घट्ट जेवण हवे. मुगाची डाळ घालून मऊ शिजवलेली खिचडी, त्यात कुस्करलेला लाल भोपळा किंवा पालक आणि वर चमचाभर तेल किंवा तूप, हे उत्तम. पहिल्या वर्षात मीठ-साखर घालायची गरज नाही.

मोडाचे पीठ अवश्य करून ठेवा. दोन वाट्या गहू किंवा नाचणी आणि एक वाटी मूग वेगवेगळे रात्रभर भिजवा. ओल्या फडक्यात बांधून मोड आणा, कडक उन्हात वाळवा. मोड चोळून पाखडून टाका, मंद भाजा, दळा. साध्या पिठाची पेज फुगून घट्ट होते, म्हणून आई तिच्यात पाणी वाढवते आणि बाळाच्या पोटात पाणीच जास्त जाते. मोड येताना दाण्यातला पिष्टमय भाग विरघळण्याजोगा होतो, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावते. मात्र ज्वारीला मोड आणून बाळाला देऊ नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावर विषबाधेने दगावते, तेच विष ज्वारीच्या मोडात असते. तयार ज्वारीचे साधे पीठ चालते. बुरशी आलेल्या किंवा काळपट शेंगा मात्र कुणीच खाऊ नयेत.

सुगीत घरातले धोके

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. बीजप्रक्रिया केलेल्या हरभऱ्याचे उरलेले बी मी पिशवीत बांधून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले होते. दिवसभर मी दुसऱ्यांना सांगत फिरतो, आणि आमचे रांगते बाळ त्या पिशवीशी खेळताना सापडले. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमचं पत्रक आधी घरात वाचा." त्या दिवसापासून औषध आणि औषध लावलेले बी कुलपात आहे. असे बी डाळीत मिसळू नये, कोंबड्यांनाही घालू नये.

दुसरा धोका मोठा आहे. जागा कमी म्हणून धान्याची पोती माणसे झोपतात त्याच खोलीत लावतात आणि किडीसाठी त्यांत विषारी गोळ्या टाकतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांना हवेतली ओल लागली की विषारी वायू निघतो. दार लावून निजलेली माणसे त्याने दगावतात, आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी कदापि वापरू नये. धान्य दाताखाली कट्टकन फुटेल इतके वाळवावे, कोठी उन्हात तापवून घ्यावी आणि झाकण घट्ट लावावे.

तिसरा धोका अगदी साधा वाटतो. घरभर सांडलेले सोयाबीनचे, हरभऱ्याचे, शेंगदाण्याचे दाणे रांगते बाळ नाकात-तोंडात घालते. दाणा ओलाव्याने फुगून श्वास अडवतो. बाळ जिथे रांगते तिथे दिवसातून दोनदा झाडावे. निवडायचे धान्य उंचावर ठेवावे.

हगवण लागली तर

अंगावरचे दूध बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लगेच आरोग्य केंद्रात दाखवावे. मोठ्या बाळाला क्षार-संजीवनीची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. आशाताईंच्या सांगण्याप्रमाणे झिंकची गोळी १४ दिवस द्यावी. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, किंवा शौचात रक्त दिसले तर काढणी सोडून निघावे.

आजच करण्यासारखे

परसात दोन वाफे करून पालक आणि मेथी पेरा. महिन्याभरात पाने तोडणीला येतात. आज पाच महिन्यांचे असलेले बाळ तोवर सहा महिन्यांचे होईल, आणि त्याच्या पहिल्या घासाला घरची भाजी मिळेल. सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी आणि पाजणाऱ्या आईसाठी अंगणवाडीत पोषण आहार मिळतो, त्यासाठी नाव नोंदवा. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस सुगीच्या गडबडीत चुकवू नका.

त्या आजींनी पुढे काय केले, तेही सांगतो. सुनेला घरी ठेवून त्या स्वतः सकाळच्या पारी रानात गेल्या. दुपारी बाळ आजीपाशी आणि सून दोन तास खळ्यावर, अशी पाळी लावली. सोयाबीन वेळेत निघाले आणि बाळाचे वजनही उतरले नाही. असे नियोजन तुमच्या घरीही बसते का, ते आज रात्री जेवताना सर्वांनी मिळून पाहा, आणि सुनेला आधी बोलू द्या.

आपले प्रश्न कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. पुढच्या पत्रकात हरभऱ्यावरील घाटे अळीची माहिती देऊ.