गोळी एकाची, जबाबदारी साऱ्यांची

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवर चार घरची धुणीभांडी करणारी एक आई आहे. तिचा तरुण मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, एकटाच बडबडतो. शेजारीपाजारी म्हणतात, "बाहेरची बाधा आहे, देवऋषाकडे न्या." आई मात्र त्याला सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाकडे नेते. गोळ्या सुरू होतात आणि काही आठवड्यांत पोरगा माणसांत येतो. पण हात थरथरतात, सकाळी डोळे उघडत नाहीत. आईला वाटते, बरा झाला, आता गोळ्या कशाला? ती त्या बंद करते आणि आजार उलटतो.

दोष त्या माउलीचा नाही. तिला कोणी नीट सांगितलेच नाही.

मानसिक आजाराचे औषध एकट्या डॉक्टरांच्या हातचे काम नाही. औषध कोणते, किती, हे डॉक्टर ठरवतात. वजन, रक्तदाब, थरथर यांवर परिचारिका लक्ष ठेवते. गोळी का चुकली, घरात ताण कसला, हे समाजसेवक विचारतो. औषध दुकानदाराने इतर गोळ्याही पाहायला हव्यात. लिथियमचेच घ्या. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी किंवा जुलाबाने अंगातले पाणी कमी झाल्यास रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून रक्ताची तपासणी वेळच्या वेळी लागते. यांपैकी एकाने दुसऱ्याला कळवले नाही, तर भोगतो तो रुग्ण.

१९९६ साली देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात म्हणूनच डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचे पथक धरलेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर उपचार हा हक्कच ठरवला आहे. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. न मिळाल्यास जाब विचारावा.

भगिनींनो, या पथकातील एक जागा आपली आहे. घरात एक वही ठेवा. गोळीचे नाव, वेळ, झालेला त्रास, इतर औषधे त्यात लिहा. स्वतःला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या. डॉक्टर असो वा दुकानदार, प्रत्येकापुढे तीच वही ठेवा. त्रास झाला तर गोळी मनाने बंद करू नका, लगेच दवाखाना गाठा. अडचणीत १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

लाज आजाराची नसावी. गप्प राहण्याची असावी.