कारंजा : एक नाव, अनेक गावे

‘कारंजाला जायचे आहे,’ असे नागपूरच्या बसस्थानकावर कोणी म्हटले, की बहुधा प्रतिप्रश्न येतो, ‘लाड की घाडगे?’ दोन्ही गावे विदर्भातलीच. एक वाशीम जिल्ह्यात, दुसरे वर्धा जिल्ह्यात. तिसरे कारंजा उरणजवळ द्रोणागिरीच्या पायथ्याशी असून ते मच्छीमारांचे बंदर आहे. कर्नाटकात बीदर जिल्ह्यात तर कारंजा नावाची नदीच आहे. ती मांजरेला मिळते आणि तिच्यावर धरणही बांधलेले आहे.

एकच नाव इतक्या ठिकाणी कसे आले? गावांची नावे पुष्कळदा झाडांवरून पडतात. वडगाव, पिंपळगाव, जांभूळवाडी ही नावे ज्या रीतीने रूढ झाली, त्याच रीतीने करंजाच्या झाडाशी ‘कारंजा’ या नावाचा संबंध जोडला जातो. ओढ्याकाठी सहज वाढणारा, दाट सावलीचा हा वृक्ष; त्याच्या बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. वाशीम जिल्ह्यातील कारंजात मात्र लोक निराळी कथा सांगतात. करंज नावाच्या ऋषींनी येथे तप केले आणि त्यांच्यावरून गावाला नाव मिळाले, अशी तेथील आख्यायिका आहे. झाड खरे की ऋषी, हा वाद घालण्याचे कारण नाही. गावाला नाव निसर्ग देतो, त्या नावाला कथा माणसे देतात.

नाव समान झाले, की ओळखीसाठी जोडनाव लागते. ‘लाड’ हा शब्द प्राचीन लाट देशाशी, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातशी, जोडला जातो. तिकडून येऊन वऱ्हाडात स्थिरावलेल्या लाड मंडळींची स्मृती या दोन अक्षरांत उरली आहे.

या कारंजावर हक्क सांगणारेही अनेक आहेत. दत्तभक्तांसाठी ते श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे. जैन समाजासाठी ते सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक परंपरांचे पीठ आहे. तेथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. अमरावतीच्या महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी त्या पोथ्या अभ्यासल्या आणि ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. महाकवी पुष्पदंतांचे अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने 1931 मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ डॉ. जैन यांच्या संपादनाने 1933 मध्ये प्रसिद्ध झाले. मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजवटीत दहाव्या शतकात रचलेले हे काव्य वऱ्हाडातील एका गावाच्या नावाने जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. याच गावी 1918 मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली.

हस्तलिखिताच्या शेवटी लेखक-प्रशस्ती असते. पोथी कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या गावी आणि कोणासाठी लिहिली, हे पुष्कळदा तीत नोंदवलेले असते. लिहिणारा जातो, लिहवून घेणाराही जातो. गावाचे नाव मात्र पोथीला तिच्या मातीशी बांधून ठेवते. हे नाव मोघम झाले, तर पुढच्या अभ्यासकाने ती कोणत्या गावी शोधावी?

म्हणूनच हल्ली सोयीसाठी नुसते ‘कारंजा’ लिहिण्याची जी सवय लागली आहे, ती विचार करायला लावणारी आहे. पिनकोडमुळे टपाल योग्य गावी जाईल, यात शंका नाही. 1972 पासून ती व्यवस्था उत्तम चालली आहे. परंतु सहा आकड्यांत लाट देशाहून आलेली माणसे मावत नाहीत. लग्नपत्रिकेत, दानाच्या पावतीवर, मंदिराच्या शिलालेखात गावाचे नाव संपूर्ण लिहिले जावे. घरातील नातवंडांनी ‘आपल्या गावाच्या नावापुढे हे काय लिहिले आहे?’ असे विचारले, तर उत्तर देण्याइतकी माहिती मोठ्यांजवळ असावी.

नाव अनेकांचे असू शकते. त्याचा इतिहास मात्र ज्या त्या गावाने आपला आपण सांभाळावा लागतो.