अंगठा, ओटीपी आणि मावशी

आजचा एपिसोड ॲप्सबद्दल नाही, माझ्या मावशीबद्दल आहे. म्हणजे, थोडा ॲप्सबद्दलही आहे.

मावशी माढा तालुक्यात राहते. तीन एकर, त्यात डाळिंब, आणि दोन म्हशी. दीड वर्षापूर्वी कडबा कुट्टीत वैरण सारताना काकांचा उजवा हात मनगटापासून गेला. सोलापूरला बारा दिवस ॲडमिट होते. मी पुण्याहून गेलो तेव्हा डोक्यात एकच, आता शेती कोण बघणार? प्रश्नच चुकीचा होता. खुरपणी, धारा, वैरण, निम्म्याहून जास्त काम मावशीच करत आली होती. अडलं ते दुसरीकडे.

माझ्या भाषेत सांगायचं तर सगळ्या सिस्टिमचं लॉगिन काकांचं होतं. सातबारा त्यांचा, सोसायटीचं कर्ज त्यांचं, पीएम किसानचा ओटीपी त्यांच्या फोनवर. आधारला उजवा अंगठा, बँकेत उजव्या हाताची सही. आणि तो हातच राहिला नाही. मावशी काउंटरवर उभी, साहेब म्हणतात खातेदाराला आणा.

आधारचं सोपं निघालं, डाव्या हाताची बोटं चालतात. सहीसाठी मात्र काका मुलीच्या जुन्या वहीत डाव्या हाताने नाव गिरवायचे. कोणी आलं की वही उशीखाली.

आता हे नीट ऐका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर १ लाख. दोन गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. वय १० ते ७५. खातेदाराबरोबर घरातल्या एका बिगरखातेदारालाही लागू, म्हणजे मशीनमध्ये मावशीचा हात गेला असता तरी. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. घोळ इथेच होतो, कारण त्या ३० दिवसांत बायको दवाखान्यात असते. आमच्याकडे पंचनामाच झाला नव्हता. शेजाऱ्यांनी मशीन धुऊन ठेवलं होतं, चांगल्या मनाने. मग पोलीस पाटलांचा अहवाल घेतला, अपंगत्वाचा दाखला काढला, २६व्या दिवशी अर्ज गेला. पैसे सात महिन्यांनी आले. तोवर एक म्हैस विकावी लागली.

त्याहून अवघड होती रात्रीची लाईट. दोन वाजता मावशी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला विहिरीवर, काका घरात जागे. सकाळी ताट ढकलून द्यायचे. मी उत्साहात ॲप बनवायला निघालो होतो (हसू नका). शेवटी दुकानातून मोबाईल स्टार्टर आणला. डाळिंबाला ठिबक आहे, त्यामुळे काका आता घरूनच फोनवर पाणी सोडतात. चिडचिड संपली असं नाही. पण पाणी कधी द्यायचं हे आता तेच ठरवतात, मावशी मुद्दाम विचारते.

सातबाऱ्याचं शेवटी निघालं. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे: नवऱ्याने संमती देऊन तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गाडी काढ. अर्जावर सही डाव्या हाताची.

परवा मावशीचा फोन: "आरं, ई-पीक पाहणीचं ॲप लोकेशनच घेईना." मी काही बोलायच्या आत मागून काका ओरडले, "बांधावर नको, वावराच्या मधी उभी ऱ्हा!"