रेलिंगला ठिपके का पडतात?

गिऱ्हाईक वर्कशॉपमध्ये येतं ते खिशात चुंबक घेऊनच. पाइपाला लावून बघायचं आणि चिकटलं नाही की मान डोलवायची, ‘ओरिजिनल आहे.’ रत्नागिरीत रेलिंग आणि गेटची कामं करताना हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली चुंबक मीच काढून देतो. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. स्टेनलेसच्या ग्रेडांपैकी स्वस्तातला दोनशे दोनचा पाइप चुंबकाला दाद देत नाही आणि महागडा तीनशे चार जिथे वाकवलाय त्या कोपऱ्यावर थोडा ओढ खातो, कारण थंडपणी वाकवलं की त्याची आतली रचना काही प्रमाणात बदलते. खात्रीच करायची तर टेस्टिंगच्या केमिकलचा थेंब आणि छोटी बॅटरी बरी. थेंब लालसर झाला की समजायचं, मँगनीजवाला माल आहे.

लोखंडात निदान 10.5 टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणायचं. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. जाडी फार तर काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो, सगळी करामत तेवढीच. 1913 साली शेफील्डचा हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून क्रोमियमची पोलादं तपासत होता. बंदुका राहिल्या बाजूला, सुऱ्याकाट्यांचा धंदा उभा राहिला. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात निकेल घातलेली जात तयार झाली. आजचा तीनशे चार त्याच घराण्यातला: साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. तीनशे सोळात वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. दोनशे दोनमध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज आणि नायट्रोजनवर भागवतात.

‘मग तीनशे चार जास्त मजबूत ना?’ हा ठरलेला प्रश्न. नाही. कायमचा वाक येईपर्यंत सोसायचा ताण तीनशे चारच्या पत्र्यात निदान 205 मेगापास्कल असावा लागतो, दोनशे दोनमध्ये 260. म्हणजे स्वस्त मालच कागदावर वरचढ! ताठपणा दोघांचा जवळपास सारखा. रेलिंग हलतं ते ग्रेडमुळे नव्हे, हलक्या गेजचा पाइप घेऊन खांब लांब लांब ठेवले म्हणून. तीनशे चारची खरी मजा त्याच्या चिवटपणात आहे. तुटण्याआधी तो 40 टक्के तरी ताणला जातो. आणि जितकं छळावं तितका कडक होतो. नवीन पोरगा ड्रिल फुल स्पीडला लावतो, वरून दाब हलका. बिट कापायच्या ऐवजी नुसतं घासतं, तळ कडक होतो, धूर निघतो आणि बिटाची धार जाते. स्पीड कमी, दाब भक्कम, तेलाची धार चालू, एवढंच शिकवावं लागतं.

मजबुती एक आणि गंज न चढणं दुसरं, हे गळी उतरवणं मात्र कठीण. समुद्राकाठच्या बंगल्यात गच्चीवरचं, पावसात भिजणारं रेलिंग चकचकीत राहतं आणि छपराखालच्या गॅलरीतल्या रेलिंगला तपकिरी ठिपके येतात. लोक चक्रावतात. कारण साधं आहे: पाऊस खारट थर धुऊन नेतो, छपराखाली तो साचतो. मिठातलं क्लोराइड पापुद्र्याला एखाद्या जागी भोक पाडतं. त्या टाचणीएवढ्या खड्ड्यात ऑक्सिजन पोचत नाही, आत क्लोराइड आणि आम्ल जमत जातं, पापुद्रा पुन्हा धरू शकत नाही. मॉलिब्डेनम इथेच उपयोगी पडतं. दोनशे दोन सर्वांत आधी हार मानतो. वेल्डिंगशेजारचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग पेस्ट लावून काढला नाही, किंवा एमएस, म्हणजे साधं लोखंड, घासलेली डिस्क याच पाइपाला लावली, तर समुद्राची वाटही पाहावी लागत नाही.

मजबुती आणि गंज हे दोन्ही हिशेब एकत्र आले की काय होतं ते स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाने पाहिलं. 1985 साली तिथल्या बंदिस्त जलतरण तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळलं, 12 माणसं गेली. छत टांगलं होतं स्टेनलेसच्या सळ्यांवर. सळ्यांवर सतत ओढ, आणि हवेत तलावाच्या पाण्यातून उठणारी क्लोरीनची संयुगं. अशा ठिकाणी गंज पसरत नाही, बारीक भेग पडून आत आत शिरते. बाहेरून सळई धडधाकट दिसत असते. रेलिंगवर कुणाचं छत लटकत नाही, हे नशीब.

माझ्या कामात सर्वाधिक नुकसान समुद्राने नव्हे, लादीवाल्यांनी केलंय. काम संपता संपता सिमेंटचे डाग काढायला फरशीवर ॲसिड ओततात. ते असतं हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराइडच. त्याची वाफ आणि शिंतोडे दोन दिवसांत नव्या पॉलिशची रया घालवतात. म्हणून कोटेशनमध्येच लिहून देतो: फरशी ॲसिडने धुऊन, वर साध्या पाण्याचे दोन हात झाल्याशिवाय रेलिंग बसणार नाही. गृहप्रवेशाची तारीख पुढे गेली तरी चालेल.