उष्ण संक्षारणरोधक लेप

उष्ण संक्षारणरोधक लेप म्हणजे गॅस टर्बाइनमधील निकेल-आधारित सुपरअलॉयच्या पात्यांवर दिलेला पातळ धातुथर. वितळलेल्या लवणांमुळे पात्याची होणारी झीज तो रोखतो. साध्या ऑक्सिडीकरणापेक्षा ही झीज कितीतरी वेगाने होते.

सुपरअलॉयची ताकद वाढवताना त्यातील क्रोमियम बहुधा कमी करावे लागते आणि त्याबरोबर गंजप्रतिकारही घटतो. त्यामुळे भार पेलण्याचे काम आतल्या धातूकडे आणि गंज रोखण्याचे काम लेपाकडे, अशी विभागणी केली जाते.

== कारण ==

समुद्राच्या हवेतील मीठ आणि इंधनातील गंधक यांपासून ज्वलनकक्षात सोडियम सल्फेट तयार होते व पात्यांवर साचते. ते ८८४° से. तापमानाला वितळते. वितळलेले लवण पृष्ठभागावरील संरक्षक ऑक्साइड विरघळवते. मग गंधक आत शिरून क्रोमियमशी संयोग पावते आणि नवा ऑक्साइडथर बनण्यासाठी क्रोमियमच उरत नाही. जड इंधन तेलात व्हॅनेडियमही असते. त्याचे ऑक्साइड ७००° से.च्या आतच वितळते, त्यामुळे हानी वाढते.

हा पहिला प्रकार साधारण ८५० ते ९५०° से. दरम्यान आढळतो. दुसरा प्रकार १९७० च्या दशकात नौदलांच्या जहाजांवर लक्षात आला. मंद गतीने, म्हणजे तुलनेने थंड चालणाऱ्या टर्बाइनची पाती ७००° से.च्या आसपास खड्डे पडून खराब होत होती. या तापमानाला सोडियम सल्फेट घनच असते, म्हणून ही गोष्ट चकित करणारी होती. कारण लेपातच होते. त्यातील कोबाल्टचे सल्फेट बनते आणि दोन सल्फेटांचे मिश्रण ५६५° से.लाच वितळू शकते. पूर्ण वेगासाठी उत्तम ठरलेला लेप मंद वेगात अपुरा पडला तो यामुळे.

== लेपांचे प्रकार ==

विसरण लेपात तापवलेल्या पात्याच्या पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवतात व तेथे निकेल ॲल्युमिनाइड तयार होते. आधी प्लॅटिनमचा मुलामा दिल्यास पहिल्या प्रकारापासून अधिक संरक्षण मिळते. आच्छादन लेपात कोबाल्ट किंवा निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम व किंचित इट्रियम यांचे मिश्रण प्लाझ्मा फवारणीने वा इलेक्ट्रॉन शलाकेने बसवतात. येथे घटकांचे प्रमाण हवे तसे ठरवता येते. अति तप्त भागासाठी ॲल्युमिनियम अधिक, तर दुसऱ्या प्रकाराविरुद्ध क्रोमियम अधिक ठेवतात. दोन्ही तापमानांत सारखाच चांगला असा लेप मिळणे कठीण असते.

== महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ==

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली व २०१० मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस शिवालिक मंद गतीसाठी डिझेल इंजिने आणि अधिक वेगासाठी एलएम-२५०० गॅस टर्बाइन वापरते. किनाऱ्यावरील वीजकेंद्रांनाही खारी हवा चुकत नाही. उरण येथील केंद्र नैसर्गिक वायूवर चालते, तर अंजनवेल येथील दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. जहाजातून येणाऱ्या द्रव इंधनात समुद्राचे पाणी मिसळल्यास सोडियम थेट ज्वलनकक्षात पोहोचते. म्हणून लेपाच्या जोडीला हवेची गाळणी, इंधनाची तपासणी आणि संपीडकाची गोड्या पाण्याने धुलाई आवश्यक असते.

झिजलेला लेप आम्लाने काढून नवा देता येतो. मात्र विसरण लेप काढताना मूळ धातूचाही थोडा भाग जातो आणि पात्याची भिंत पातळ होते. त्यामुळे एकच पाते किती वेळा लेपता येईल, याला मर्यादा असते.